भेंडी जून की जुनी?

मंडईत 'भेंडी जुनी आहे' म्हणालात तर भाजीवाला 'पहाटेचीच तोड आहे, ताई' असं सांगेल, आणि ते खरंही असेल. म्हणायचं होतं 'जून'. झाडावरच जास्त दिवस राहिली ती जून. तोडून बरेच दिवस झाले ती जुनी. कोवळी भेंडी घरात सुकली तरी ती जून होत नाही, शिळी होते.

जुना-जुनी-जुनं लिंगाप्रमाणे बदलतं, 'जून' तसाच राहतो: जून दोडका, जून गवार, जून वांगं.

पारख करताना भेंडीचं टोक मोडा. कट्कन तुटलं तर कोवळी. नुसतं वाकलं किंवा दोरा निघाला तर जून. दोडक्याला नख लावा, रुतलं पाहिजे. वांग्याची खात्री मात्र चिरल्यावर: बी तपकिरी आणि टणक दिसलं की जून. भेंडी फुलानंतर 5-7 दिवसांत तोडावी लागते. एखादी तोड चुकली की माल जून. कुकरच्या शिट्ट्या वाढवून उपयोग नाही: गर शिजून लगदा होतो, दोरे तसेच राहतात. घेवडा किंवा वाल जून निघाला तर शेंगा टाका, दाणे सोलून आमटीत घाला.

त्याहीपुढे गेलेली भाजी निबर. ती गुरांपुढेच जाते.

जून हा दर वेळी दोष नसतो. कोकणात धोंडसाला, म्हणजे काकडीच्या गोड केकला, मोठी जून काकडीच लागते, कोवळीला तो गर नाही. शहाळं 6-7 महिन्यांचं, पण खोबऱ्याला 11-12 महिन्यांचा जून नारळ हवा. हलवल्यावर आत पाणी खळखळतं. 'जुना नारळ' म्हणालात तर खवट निघेल म्हणून कोणी घेणार नाही. मांडवाला बांबूही जून, म्हणजे 3-4 वर्षांचा घ्या. कोवळ्याला भुंगा लवकर लागतो.

धान्याचं गणित उलटं. तांदूळ 'जुना'च, 'जून तांदूळ' कोणी म्हणत नाही. 1 वाटी नव्या तांदळाला पावणेदोन-दोन वाट्या पाणी पुरतं. जुन्याला सव्वादोन ते अडीच. नव्याला तेवढंच घातलं की भाताचा गिचका.

माणसांबाबत जपून. 'चेहऱ्याने जून दिसते' हा टोमणा आहे, वयाची माहिती नव्हे. साधं 'वयाने मोठी' म्हणा. 'निबर' माणूस म्हातारा असेलच असं नाही: बोलणी खाऊन खाऊन ज्याला काही लागत नाही तो निबर, मग तो दहावीतला का असेना. 'पिकलं पान' माणसाच्या पाठीमागे म्हणतात, तोंडावर नाही. 'मुरलेला' गवयाला लावलात तर कौतुक. पुढाऱ्याला लावलात तर ऐकणारा हसतो.