जुन्या व्हिडिओ गेमची धून जॅझमध्ये बसवताय? मग या चुका टाळा

पहिल्या दिवशी हे काम सगळ्यांनाच सोपं वाटतं. धून लहानपणापासून पाठ, तिचे कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट) इंटरनेटवर सापडतात, सॅक्सोफोन वाजवणारा मित्र तयार, ड्रमर तर कधीचा मागे लागलेला. तीन आठवड्यांनी फोल्डरमध्ये अकरा फाइली जमतात. त्या एकावर एक लावून ऐकल्या की वाटतं, सहा जण सहा खोल्यांत बसून सहा वेगळ्या गोष्टी वाजवताहेत. (वाजवलेलं असतंच सहा खोल्यांत बसून, पण ते कळता कामा नये.)

अशा वेळी दोष वादकांवर ढकलला जातो. माझा अनुभव असा, की दुखणं बहुतेकदा कागदावर असतं. गेमची धून मुळातच गच्च भरलेली असते. तिला कुणाच्या मदतीची गरज नसते. जॅझला मात्र जागा लागते. आपण धून तशीच भरलेली ठेवतो आणि मग त्यात सहा माणसं कोंबतो.

चिपची अडचण हीच रचना समजणं

१९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉम या गेमयंत्रात, म्हणजे बाकी जगाच्या एनईएसमध्ये, आवाजाच्या चिपला पाच चॅनल होते, एका चॅनलवर एका वेळी एकच आवाज: दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक छोट्या सॅम्पलसाठी. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चं संगीत कोजी कोंडो यांनी याच यंत्रासाठी केलं. एवढ्याशा जागेत चार स्वरांचा भरीव कॉर्ड धरून ठेवणं परवडत नसे. म्हणून त्या काळचे अनेक संगीतकार कॉर्डचे स्वर एकामागून एक इतक्या झपाट्याने फिरवत, की कानाला ते एकत्र वाजल्याचा भास व्हावा. ही स्वरांची भिंगरी आपण जशीच्या तशी उतरवून पियानोवादकापुढे ठेवतो. त्याला दहा बोटं आहेत. त्याला फक्त कॉर्डचं नाव लिहून द्या.

दुसरी फसगत प्रतिध्वनीची. आवाज घुमल्याचा भास द्यायला तेव्हा वेगळी सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या पल्स चॅनलवर तीच धून किंचित उशिरा आणि हलक्या आवाजात वाजवत. धून उतरवताना ही दुसरी ओळ स्वतंत्र आवाजासारखी दिसते. ती ट्रम्पेटला दिली, की ट्रम्पेटवाला पहिल्यापासून शेवटपर्यंत उशिरा येतोय असं वाटतं आणि बिचारा उगाच बोलणी खातो. ओळखायचं सोपं आहे: दुसऱ्या ओळीत पहिलीचेच स्वर ठरावीक अंतराने येत असतील, तर तो प्रतिध्वनी. पुसून टाका. त्या रिकाम्या जागेत ट्रम्पेटला स्वतःचं काही बोलता येईल.

ट्रँगल चॅनलची गोष्ट आणखी मजेशीर. त्याला आवाज कमी-जास्त करायची सोयच नव्हती; एक तर चालू, नाही तर बंद. म्हणजे मूळ बेसमध्ये जोर कुठे आणि नरमाई कुठे, हे सापडणारच नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं. शिवाय काही धुनांत बेसची ओळ मध्येच एकदम खाली घसरते. ती बहुतेकदा बेसची नसतेच, त्याच चॅनलवर काढलेला टॉम ड्रमचा आवाज असतो. ही घसरगुंडी बेसिस्टला लिहून देऊ नका, ड्रमरला सांगा.

हे सगळं मिडी फाइल उतरवून घेतल्यावर दिसत नाही. फाइलमध्ये फक्त स्वर असतात, कारण नसतं. धून कानाने उतरवा. दोन संध्याकाळी जातील, पण पुढचे दोन महिने वाचतील.

सोलोवाला दर वेळी एकाच ठिकाणी हरवतो

तीनदा वाजवलं, तीनदा तिथेच घोटाळा. अशा वेळी त्याला रियाजाचा सल्ला देण्याआधी आपला आराखडा बघावा.

गेममधली धून चक्राकार असते. खेळणारा वीस सेकंदांत मरेल की तासभर तिथेच भटकेल, हे संगीतकाराला माहीत नसतं. म्हणून धून पूर्ण होते न होते तोच पुन्हा पहिल्या बारवर (मात्रांच्या पहिल्या गटावर) येते. तिचे भागही खेळाच्या सोयीने पडलेले असतात. चार बार इकडचे, तीनदा परत, मग सहा बारचा एक तुकडा. ऐकायला गोड, पण त्यावर उत्स्फूर्त वाजवायचं म्हटलं तर डोकं मोजण्यातच अडकतं. जॅझचा साचा याच्या उलट. आधी धून, मग तिच्याच कॉर्डच्या आवर्तनांवर सोलो, म्हणजे एकेकाचं उत्स्फूर्त वाजवणं, शेवटी पुन्हा धून. आणि ती आवर्तनं बहुधा बारा बारच्या ब्लूजची किंवा बत्तीस बारची, न मोजता अंगात भिनलेली.

म्हणून अख्ख्या धुनेवर सोलो ठेवू नका. तिचा एकच भाग निवडा, आठ किंवा सोळा बारचा, आणि तोच फिरवत राहा. भाग वेडावाकडा असेल तर चक्क एखादा बार वाढवून तो चौकोनी करा. धून वाजताना मूळ लांबी, सोलोला गोल केलेली. दर अर्ध्या बारला कॉर्ड बदलत असेल तर सोलोच्या कागदावर निम्मे कॉर्ड गाळा. कमी कॉर्ड म्हणजे कमी दर्जा, असा एक गैरसमज आहे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधली पहिलीच रचना बघा: सोळा बार डी डोरियन ही एकच स्वरमाला, आठ बार अर्धा स्वर वर ई फ्लॅट डोरियन, पुन्हा आठ बार डी. बस. त्यावर लोक आजही वाजवताहेत.

शेवटाचं काय? चक्राला शेवट नसतो, त्यामुळे हौशी बँड तिथे एकमेकांची तोंडं बघत थांबतात. शेवट आधीच लिहून ठेवा. कधी कधी गेममध्येच तो सापडतो. मारिओमध्ये पातळी संपल्यावरची छोटी तुतारी ए फ्लॅट, बी फ्लॅट, सी अशी चढत सी मेजरवर येते. अशी चढण तीनदा घ्या, तिसऱ्यांदा शेवटचा कॉर्ड लांबवा, ड्रमरकडे बघा, संपलं.

दिसेल तिथे टू-फाइव्ह

नव्याने जॅझ शिकलेल्या माणसाला सी मेजरकडे जाणारी प्रत्येक वाट डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हनवरून, म्हणजे टू-फाइव्ह या ठरलेल्या जोडीवरून, न्यायची असते. मीही त्यातलाच होतो. वर सांगितलेली ए फ्लॅट–बी फ्लॅट–सी ही चढण मी एकदा अशीच 'सुधारली'. ऐकणाऱ्यातल्या एकाने विचारलं, ही कुठल्या गेमची धून? धून तीच होती, एक स्वरही बदलला नव्हता. पण त्या तीन कॉर्डमध्येच तिचा चेहरा होता, आणि तोच मी खरवडून काढला होता.

तेव्हापासून पहिल्या खेपेला मूळ कॉर्डच्या जवळ राहतो. उलटापालट करायची ती सोलो झाल्यावर, धून परत येते तेव्हा. तोवर ऐकणाऱ्याच्या कानात मूळ रूप बसलेलं असतं आणि बदल त्याला बदल म्हणून कळतो.

दुसरी एक बारीक चूक. धुनेत सी हा स्वर लांब धरलेला आहे आणि खाली तुम्ही सी मेजर सेव्हन लिहिला. त्या कॉर्डमधला बी वरच्या सीला अर्ध्या स्वरावरून घासतो. कागदावर निरुपद्रवी दिसतं, हॉर्नवर (सॅक्स, ट्रम्पेटवर) कानाला बोचतं. तिथे सी सिक्स लिहा. कॉर्ड बदलला की प्रत्येक ठाम मात्रेवरचा धुनेचा स्वर त्याच्याशी पडताळून बघायची सवय लावून घ्या, कंटाळवाणी असली तरी.

स्विंग: सगळं लंगडवून टाकू नका

सॉफ्टवेअरमध्ये स्विंगची खुंटी फिरवली की जॅझ होत नाही. स्विंगमध्ये एका मात्रेतल्या दोन स्वरांच्या जोडीतला पहिला, मध्यम लयीत, दुसऱ्याच्या साधारण दुप्पट लांब पडतो. लय चढत जाते तसा हा फरक कमी होतो आणि फार वेगात दोन्ही जवळपास सारखे होतात. एकच आकडा सगळ्या लयींना लावला की वेगवान तुकडा घोड्यावर बसल्यासारखा उधळतो.

शिवाय प्रत्येक धुनेला स्विंग मानवत नाही. मारिओची जमिनीवरची धून आडव्या ठोक्यांनी भरलेली आहे, लॅटिन अंगाची. ती सरळ, जोडीतले दोन्ही स्वर सारख्या लांबीचे, ठेवली तरच खुलते. उलट त्याच गेममधली पाण्याखालची धून मुळात वॉल्ट्झ आहे, तीन मात्रांची. तिला जॅझ वॉल्ट्झ करायला फार कष्ट लागत नाहीत.

सॅक्स सगळीकडे बेसूर

बेसूर नाही, चुकीच्या पट्टीत. आल्टो सॅक्सवर लिहिलेला स्वर प्रत्यक्षात मेजर सिक्स्थने खाली वाजतो, टेनरवर मेजर नाइन्थने, बी फ्लॅट ट्रम्पेटवर एक पूर्ण स्वर खाली. पियानोचा कागद तिघांना वाटला की तिघे तीन दिशांना जाणार. सॉफ्टवेअर हे बदलून देतं, पण पट्टी निवडणं तुमच्याच हातात. धून ई मेजरमध्ये ठेवलीत तर आल्टोवाल्याच्या कागदावर सी शार्प मेजर येतो, सात शार्पसकट. अर्धा स्वर उतरवून ई फ्लॅट केलीत तर त्याला साधा सी मेजर. अर्ध्या स्वरात माणूस तुमचा जन्माचा मित्र होतो.

आणि चिप श्वास घेत नाही. बारा बार न थांबता चालणारी ओळ हॉर्नला देणार असाल तर ती दोघांत वाटा.

ड्रमरला प्रत्येक ठोका लिहून देऊ नका. ठेक्याचं नाव, भागांची लांबी आणि सगळ्यांबरोबर पकडायच्या जागा, एवढं पुरतं.

हक्कांचं विसरणं

रेकॉर्डिंग लोकांसमोर ठेवणार असाल तर हे आधी बघा, मिक्सिंग झाल्यावर नाही. रचनेचे हक्क बहुधा गेम कंपनीकडे असतात. नुसत्या ऑडिओची परवानगी आणि व्हिडिओबरोबरची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेट्रिसची प्रसिद्ध धून एकोणिसाव्या शतकातल्या 'कोरोबेइनिकी' या रशियन लोकगीतावर बेतलेली आहे. लोकगीत सर्वांचं; पण १९८९ च्या गेम बॉयवरची त्याची मांडणी वेगळी, ती उचलू नका. अशा संगीताला कोण विचारतो, असं म्हणून हे टाळू नये. कर्बी मालिकेतल्या एका धुनेच्या बिग बँड मांडणीसाठी 'द एट-बिट बिग बँड'च्या अरेंजर जोडीला २०२२ साली ग्रॅमी मिळालं आहे.

वेगवेगळ्या खोल्यांतून एक बँड

इंटरनेटवरून एकत्र, थेट वाजवायचा मोह होतो. आवाज पोचायला पंचवीस-तीस मिलिसेकंदांहून जास्त लागले की प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघतो आणि लय मंदावत जाते. त्यामुळे पाळीपाळीने रेकॉर्ड करणंच बरं.

त्यातल्या किरकोळ चुका आधी. प्रत्येक फाइल पहिल्या बारपासून सुरू व्हावी, बेसची एंट्री चाळिसाव्या बारला असली तरी. मधूनच कापलेला तुकडा कुठे ठेवायचा हे शोधण्यात दिवस जातो. सुरुवातीला दोन बारची मोजणी सगळ्यांना तीच. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाच्या किती नोंदी) आधी ठरवा. एकदा माझ्याकडे ४४.१ किलोहर्ट्झची फाइल आली आणि ४८ च्या प्रोजेक्टमध्ये तशीच बसली. ट्रम्पेट जवळपास दीड अर्ध्या-स्वराने चढलेला आणि नऊ टक्के घाईत. मी दोन दिवस वादकाला दोष देत होतो. पियानो आणि गिटार दोघांनी एकाच वेळी कॉर्ड वाजवायचे नाहीत. कुणाच्या सोलोला कोण कॉर्ड वाजवणार, ते लिहून ठेवा.

पण खरी चूक क्रमाची आहे. नेहमीचा क्रम असा: क्लिक (लय मोजायचा ठोका) आणि कच्चा पियानो, मग बेस-ड्रम्स, मग कॉर्ड, हॉर्न, शेवटी सोलो. तांत्रिकदृष्ट्या काहीच गैर नाही. फक्त सोलोवाला एका अशा साथीवर वाजवतो जिने त्याला ऐकलेलंच नाही. त्याने मध्येच थांबून एक प्रश्न टाकला तरी ड्रमर आपला ठेका पुढे रेटतोय, कारण ड्रमरने महिनाभरापूर्वीच वाजवून ठेवलंय.

यावर उपाय एकच सापडला, दुसरी फेरी. सोलो झाले की ते ड्रमर आणि पियानोवादकाकडे परत पाठवायचे आणि सोलोच्या भागापुरती साथ नव्याने रेकॉर्ड करायची, कानात तो सोलो ठेवून. लोक कुरकुरतात, झालेलं काम पुन्हा कशाला म्हणतात. आमच्या पियानोवादकानेही आधी कटकट केली. मग त्याची दुसरी फाइल आली. टेनरच्या सोलोतल्या पहिल्या आठ बारमध्ये त्याने फक्त तीन कॉर्ड वाजवले होते, आधी होते वीस-बावीस.