आयडलिंग वरखाली होत असेल तर दोष कसा शोधावा

गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे, पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरीही टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा) काटा डुलतो आहे, असे दिसले की गॅरेजमध्ये बहुधा स्पार्क प्लग बदलण्यापासून सुरुवात होते. त्याआधी दोन दिवस काटा नेमका कधी हलतो, थंड इंजिनवर की गरम, एसी लावल्यावर की सिग्नलला ब्रेक दाबल्यावर, याची नोंद ठेवावी. दोष कुठे शोधायचा हे त्या नोंदीवरूनच ठरते. पुढील विवेचन इंजेक्शन प्रणालीच्या पेट्रोल गाड्यांपुरते आहे.

काट्याची प्रत्येक हालचाल हा बिघाड नसतो. सकाळी इंजिन थंड असताना ईसीएम, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, मुद्दाम जास्त आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) ठेवतो. काटा १,२०० ते १,५०० च्या आसपास दिसतो आणि इंजिन तापत जाईल तसा बहुतेक गाड्यांत ७०० ते ९०० वर उतरतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला, रेडिएटरचा पंखा फिरू लागला किंवा जागेवरच स्टिअरिंग पूर्ण वळवले, तर इंजिनावर भार येतो आणि काटा क्षणभर हलून स्थिरावतो. तो स्थिरावत नसेल, तरच पुढे जावे.

पाय ॲक्सिलरेटरवर नसताना थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी, झडप जवळजवळ बंद असते. इंजिनाला लागणारी थोडी हवा जुन्या गाड्यांत आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्हमधून मिळते, तर नव्या गाड्यांत मोटरवर चालणारी झडपच किंचित उघडी राहते. या अरुंद फटीभोवती काळपट, चिकट काजळी साचली की हवा कमी पडते आणि सिग्नलला थांबताना इंजिन बंद पडण्याच्या बेतात येते. थ्रॉटल बॉडीसाठी मिळणारा क्लीनर मऊ कापडावर घेऊन झडपेची कड आणि भोवतालची भिंत पुसावी. मात्र मोटरवर चालणारी झडप बोटाने जोर लावून उघडू नये, आत गिअर असतात. सफाईनंतर, किंवा बॅटरी काढून पुन्हा लावल्यानंतर, काही गाड्यांना आयडल नव्याने शिकवावे लागते. त्याची पद्धत गाडीगणिक वेगळी असते.

सर्वाधिक चकवणारा दोष मात्र हवेच्या गळतीचा. इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागाला) जोडलेली रबरी नळी चिरली किंवा गॅस्केट सैल झाले, तर थ्रॉटलला वळसा घालून जास्तीची हवा आत शिरते. आरपीएम ठरावीक मर्यादेपलीकडे चढले की थ्रॉटल बंद असल्याचे पाहून ईसीएम इंधन तोडतो, आरपीएम कोसळतात, इंधन पुन्हा सुरू होते, आणि हेच चक्र चालू राहते. काटा ठेक्यात वरखाली होतो तो अनेकदा यामुळे. माझ्या गाडीत हा ठेका ऐकूनही एका मेकॅनिकने आधी प्लग आणि मग कॉइल बदलली; अखेर पीसीव्हीच्या (इंजिनाच्या क्रँककेसमधील वायू इनटेकमध्ये परत नेणाऱ्या) नळीच्या खालच्या बाजूला, हात घातल्याशिवाय न कळणारी, नखाएवढी चीर सापडली. म्हणून नळ्या नुसत्या पाहू नयेत, इंजिन बंद आणि थंड असताना टोकाशी वाकवून पाहाव्यात. इंजिन चालू ठेवून फुसफुस ऐकावी आणि संशयित सांध्यावर साबणाचे पाणी थोडेसे सोडावे. ते आत ओढले जाऊन आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे. ज्वलनशील फवारा गरम इंजिनावर मारण्याची पद्धत प्रचलित असली तरी ती आगीला निमंत्रण आहे. ब्रेक दाबून धरल्यावर आरपीएम बदलून तसेच राहिले, तर ब्रेक बूस्टर (ब्रेक दाबायला जोर पुरवणारा भाग) किंवा त्याची नळी तपासून घ्यावी, आणि त्यात दिरंगाई करू नये.

गाडीच्या संगणकातील आकडे वाचणारा स्कॅनर उपलब्ध असल्यास फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम इंधनात करत असलेली कमीअधिक दुरुस्ती, पाहावा. आयडलला तो बराच अधिक (प्लस) असून २,५०० आरपीएमवर शून्याकडे येत असेल, तर गळतीचा संशय बळावतो. त्याच स्कॅनरवर कूलंटचे तापमानही पाहावे: इंजिन चांगले तापलेले असताना सेन्सर थंडीचा आकडा दाखवत असेल, तर ईसीएम इंजिन थंड समजूनच आरपीएम चढे ठेवतो. ठेका नसून मध्येच झटका बसत असेल, ज्याला गॅरेजमध्ये 'मिसिंग' म्हणतात, तर मात्र प्लग आणि कॉइलची पाळी आधी येते.

कार्ब्युरेटरच्या काळात स्क्रू फिरवून आयडल वाढवता येत असे. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू कारखान्यातच बसवलेला असतो. कोणी तो फिरवून 'सेटिंग करून देतो' म्हणाल्यास नम्रपणे नकार द्यावा.