रिअ‍ॅक्टमध्ये होमस्टे शोधायचं पान बांधताना

रिअ‍ॅक्ट म्हणजे वेबपानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिच्यात गोव्यातले, पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे होमस्टे दाखवणारं पान घ्या: वर शोधाचा रकाना, बाजूला तालुका निवडायची सोय, खाली यादी. कोडला हात लावण्याआधी स्टेटमध्ये, म्हणजे पान लक्षात ठेवतं त्या बदलत्या माहितीत, काय ठेवायचं ते ठरवा. इथे तीनच गोष्टी पुरतात: शोधाचा शब्द, निवडलेला तालुका आणि सर्व्हरकडून आलेली यादी. गाळलेली यादी आणि 'किती सापडले' हा आकडा रेंडर होताना, म्हणजे पान रंगवलं जाताना, त्यातूनच काढा. वेगळे साठवलेत, की कधीतरी एक बदलायचं राहतं आणि वर '८ सापडले', खाली घरं पाचच.

यादीत 'की' (रिअ‍ॅक्ट प्रत्येक कार्ड जिच्यावरून ओळखतं ती खूण) म्हणून घराचा डेटाबेसमधला आयडी द्या, ओळीचा क्रमांक कधीच नको. समजा प्रत्येक कार्डात 'किती माणसं' हा रकाना आहे. सत्तरीतल्या पहिल्या घरासमोर कुणी ४ भरले आणि मग काणकोण निवडलं. की क्रमांकाची असेल तर रिअ‍ॅक्टच्या लेखी पहिलं कार्ड तेच, त्यामुळे काणकोणच्या घरासमोर ४ तसेच राहतात. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एरर येत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते.

शोध सर्व्हरवर जात असेल तर जास्त जपा. 'म्हा'ला एक रिक्वेस्ट गेली, 'म्हापसा'ला दुसरी. चोर्ला घाटात नेट अडखळलं, पहिलीचं उत्तर मागाहून आलं, की बरोबर यादी पुसून जुनी बसते. ३०० मिलिसेकंदांचा डिबाउन्स, म्हणजे टाइप करणं थांबेपर्यंत टायमर लावून वाट पाहणं, रिक्वेस्ट कमी करतो, पण ही शर्यत थांबवत नाही. यूजइफेक्टमध्ये (रेंडरनंतर चालणारा कोड जिथे लिहितात तिथे) अबॉर्टकंट्रोलर, म्हणजे रिक्वेस्ट रद्द करायची सोय, बनवा आणि त्याचा सिग्नल फेचला, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या फंक्शनला, द्या. क्लीनअपमध्ये, म्हणजे इफेक्ट पुन्हा चालण्याआधीच्या आवराआवरीत, डिबाउन्सचा टायमर आणि फेच दोन्ही रद्द करा. चुका पकडणाऱ्या कॅचमध्ये अबॉर्टएरर (आपणच रद्द केल्याची एरर) ओळखून सोडून द्या, नाहीतर टाइप करताना उगाच लाल संदेश चमकतो. स्ट्रिक्ट मोड ही रिअ‍ॅक्टची चुका दाखवणारी सोय डेव्हलपमेंटमध्ये इफेक्ट दोनदा चालवते, पण तेवढ्यासाठी ती बंद करू नका. विसरलेला क्लीनअप तिथेच उघडा पडतो.

गोव्यात आणखी एक अडचण हमखास येते: नावं. रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, 'बिचोलिम' लिहिणाऱ्याला डिचोलीच हवी असते, 'पेर्नेम'वाल्याला पेडणे, 'साल्सेत'वाल्याला साष्टी. आपोआप लिप्यंतर करून हे जुळत नाही. तालुके १२ आहेत; प्रत्येकाची सगळी रूपं हातानेच नोंदवा.

बुकिंगसाठी डिव्हला (नुसत्या चौकटीला) ऑनक्लिक लावू नका, खरं बटन वापरा; कीबोर्डवरचे टॅब आणि एंटर फुकट मिळतात. शेवटी ब्राउझरच्या डेव्हटूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये थ्री-जी निवडून 'म्हापसा' भरभर टाइप करा, अर्ध्यात खोडा, पुन्हा लिहा आणि यादी शेवटच्या शब्दाचीच राहते का ते पाहा.