गेलेल्या बाळासाठी टोपडं विणताना

आपल्याकडे बाळ होण्याआधी त्याचे कपडे आणून ठेवत नाहीत. बाळंतविडा येतो तो सगळं नीट पार पडल्यावर. म्हणूनच बाळ पोटातच गेलं, किंवा जन्मून काही तासांत गेलं, तर त्याला घालायला घरात काहीच नसतं. दुकानातलं सर्वांत लहान टोपडंही विसाव्या-चोविसाव्या आठवड्यातल्या बाळाच्या तोंडावर उतरतं. आईबाबांना बाळाला थोडा वेळ जवळ घ्यायचं असतं, एखादा फोटो हवा असतो. त्या वेळी इस्पितळात मापाचं टोपडं हाताशी असावं, म्हणून हे विणून द्यायचं.

सुलट, उलट आणि दोनाचा एक एवढं येत असलं की पुरे. मऊ सुती ४ प्लायचा दोरा घ्या आणि ११ नंबरच्या, म्हणजे ३ मिलिमीटरच्या सुया. सुलट विणीत (दोन सुयांवर एक ओळ सुलट, एक ओळ उलट) १० सेंटिमीटरमध्ये २८ टाके बसले पाहिजेत. क्रोशाचा चकचकीत, पिळदार दोरा नको, तो कडक असतो. रोवेदार लोकर तर मुळीच नको. या बाळांची त्वचा ओलसर आणि फार नाजूक असते, तिला लोकरीचे तंतू चिकटतात आणि टोपडं काढताना त्वचेला इजा होते. रंग पांढरा, सायीसारखा किंवा फिका पिवळा. दुसरा कुठलाही रंग घेतलात तर दोऱ्याचा तुकडा ओला करून रात्रभर पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा. कापडाला डाग पडला तर तो गुंडा दुसऱ्या कामाला.

मापं अशी :

२० आठवड्यांच्या सुमाराचं बाळ – ४८ टाके, घेर १७ सेंमी, सरळ वीण ५.५ सेंमी
२४ आठवडे – ६४ टाके, घेर २३ सेंमी, सरळ वीण ७ सेंमी
२८ आठवडे – ७२ टाके, घेर साधारण २६ सेंमी, सरळ वीण ८ सेंमी
पूर्ण दिवसांचं – ९६ टाके, घेर ३४ सेंमी, सरळ वीण ११ सेंमी

सरळ वीण म्हणजे काठापासून माथ्याचे टाके कमी करायला घेईपर्यंतची उंची. ती काठाची गुंडाळी उलगडून मोजायची. दोन सुयांवर विणून मागे शिवणार असाल तर शिवणीसाठी दोन टाके जास्त घाला. शेवटचं माप कृपा करून वगळू नका. सगळे चिमुकलीच टोपडी विणतात, पण पूर्ण दिवस भरलेली बाळंही जातात.

आता काठ. बिघडतं ते इथेच, आणि नेमक्या याच जागी लोक चुकीचा सल्ला देतात.

पहिला सल्ला असतो तो ‘एक सुलट एक उलट’ची पट्टी विणण्याचा, टोपडं घट्ट बसावं म्हणून. या बाळांना घट्ट काही नकोच. डोक्याची हाडं मऊ असतात, कपाळावर पट्टीचा वळ उठतो आणि तो फोटोत कायमचा राहतो. पट्टी न घालता पहिल्या ओळीपासून साधी सुलट वीण करा. तिचा काठ आपोआप बाहेरच्या बाजूला गुंडाळला जातो. टाके घातलेली ओळ ही अख्ख्या टोपड्यातली सर्वांत ताठ रेघ, आणि ती त्या गुंडाळीत जाते. त्वचेला टेकते ती फक्त मऊ वीण. टोपडं थोडं मोठं झालं तर सिस्टर काठ आणखी एक वळसा गुंडाळू शकतात.

दुसरा सल्ला म्हणजे दोन सुया एकत्र धरून टाके घाला, काठ सैल होतो. होत नाही. त्याने टाक्याचा फास तेवढा मोठा होतो. दोन टाक्यांमधला दोरा होता तेवढाच आखूड राहतो, आणि काठ ताणला जातो की नाही हे त्या दोऱ्यावर ठरतं. सुताला लोकरीसारखी लवचिकता नसते, त्यामुळे इथली चूक पुढच्या ओळींत झाकली जात नाही. एकाच सुईवर टाके घाला आणि प्रत्येक टाक्यानंतर पुढचा टाका ३ मिलिमीटर दूर बसवा. मधल्या जागेवर उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक दाबून ठेवलं की अंतर आपोआप राहतं. टाके सुईवर विस्कटलेले, ओघळल्यासारखे दिसतील. ते तसेच दिसायला हवेत. ओढून सारखे करू नका.

पाच-सहा ओळी झाल्या की काठ फुटपट्टीवर ताणून बघा. ४८ टाक्यांचा काठ फार जोर न लावता २३ सेंटिमीटरपर्यंत गेला पाहिजे. टोपडं पूर्ण झालं की आणखी एक परीक्षा घ्या. अंगठा तळव्यात मिटून हात आत घाला. काठ न अडता मनगटावर आला पाहिजे. तिथे दहा मिनिटं राहू द्या. काढल्यावर कातडीवर रेघ उमटलेली दिसली तर सगळं उसवा. दुसरा इलाज नाही, आणि ‘चालेल’ असं म्हणायची ही जागा नव्हे.

माथा सोपा आहे. टाक्यांचे आठ सारखे भाग करा, एक ओळ सोडून एक, प्रत्येक भागात एकदा दोनाचा एक, शेवटी आठ टाके उरेपर्यंत. (शिवणीचे दोन टाके कडेला तसेच ठेवा.) उरलेल्या टाक्यांतून बोथट सुईने दोरा दोनदा ओवून ओढून घ्या. आतल्या बाजूला गाठ नको. टोकं विणीतच मुरवा. मणी, बटणं, गोंडे काही नको. क्रूस किंवा ॐ ही नको, घर कुणाचं ते आपल्याला ठाऊक नसतं.

सर्वांत लहान मापात थोडी टोपडी मागून उघडी ठेवा. शिवण माथ्याकडे निम्मीच घाला आणि खाली दोन्ही कडांना १५ सेंटिमीटरचे मऊ बंद लावा. मग बाळाचं डोकं फार न उचलता ते घालता येतं.

प्रत्येक टोपड्याची जोडी करा, एकाच गुंड्यातली, एकाच मापाची. एक बाळासोबत मातीत जातं, दुसरं आईकडे राहतं. ५० ग्रॅमच्या गुंड्यात मोठी एक जोडी होते, लहान तीन-चार.

बिनवासाच्या सौम्य साबणाने धुवा. गोव्यात पावसाळ्यात सुती कापड वाळल्यासारखं वाटतं पण आतून दमट राहतं, आणि आठ दिवसांत त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायच्या दिवसांत, मे महिन्याच्या उन्हातच वर्षाची टोपडी धुवून वाळवून हवाबंद पिशव्यांत भरा. डांबरगोळ्या नकोत, आणि सुक्या मासळीच्या कपाटाजवळ ठेवू नका. आईकडे राहिलेलं टोपडं ती नाकाशी धरणार असते.

पिशवीवर आठवडे आणि घेर एवढंच लिहा. तुमचं नाव, चिठ्ठी, सांत्वनाचं वाक्य नको. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ) असो, मडगावचं जिल्हा इस्पितळ असो की गावातलं नर्सिंग होम, आधी प्रसूती विभागाच्या प्रमुख सिस्टरना भेटून ते घेतील का आणि कुठली मापं हवीत ते विचारा. पिशव्या त्यांच्याच हाती द्या, वॉर्डात जाऊ नका.