स्पेक्ट्रमचं ॲव्हरेज कसं घ्यायचं आणि कॉन्फिडन्स लिमिट्स कशा काढायच्या

अख्ख्या रेकॉर्डिंगची एकच एफएफटी (सिग्नल फ्रिक्वेन्सींमध्ये फोडणारं गणित) घेतली की स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती पॉवर आहे त्याचा आलेख, नुसता काटेरी दिसतो. रेकॉर्डिंग वाढवलं की गुळगुळीत होईल असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं होत नाही, बिन (स्पेक्ट्रममधले फ्रिक्वेन्सीचे कप्पे) बारीक होतात, चढउतार मात्र तेवढाच राहतो, नॉइजमध्ये तर बिनचं स्टँडर्ड डेव्हिएशन त्याच्या सरासरी पॉवरइतकंच असतं! उपाय वेल्च यांनी १९६७ मध्ये मांडला, सिग्नलचे तुकडे करा आणि त्यांचे स्पेक्ट्रम ॲव्हरेज करा.

समजा १००० हर्ट्झने घेतलेला ६० सेकंदांचा डेटा आहे. आधी तुकड्याची लांबी ठरवा. २ सेकंद म्हणजे २००० सॅम्पल घेतले तर बिन ०.५ हर्ट्झचे, शेजारशेजारचे पीक वेगळे दिसायला हवे असतील तर तुकडा मोठा घ्या पण मग ॲव्हरेजला तुकडे कमी मिळतात, हा सौदा प्रत्येक वेळी करावाच लागतो. हॅन विंडो (तुकड्याची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा आकार) लावा, ५० टक्के ओव्हरलॅप ठेवा म्हणजे प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याच्या अर्ध्यापासून सुरू होईल, ५९ तुकडे मिळतील. सायपाय या पायथन लायब्ररीचं वेल्च फंक्शन आणि मॅटलॅब या सॉफ्टवेअरचं पीवेल्च हे सगळं करून देतं, फक्त डिफॉल्ट सेटिंगवर सोडू नका, सायपाय २५६ सॅम्पलचा तुकडा धरतं.

स्वतः कोड लिहीत असाल तर ॲव्हरेज पॉवरचं घ्या, डेसिबलचं अजिबात नको, नॉइजमध्ये त्याने आकडा सुमारे २.५ डेसिबल खाली येतो. डेसिबल सगळ्यात शेवटी काढा.

आता कॉन्फिडन्स लिमिट्स, म्हणजे खरी पॉवर ज्या पट्ट्यात असावी त्याच्या खालच्या-वरच्या मर्यादा, ज्या लोक हमखास गाळतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या प्रत्येक तुकड्यामागे २ डिग्रीज ऑफ फ्रीडम (अंदाजामागच्या स्वतंत्र माहितीचं माप) मिळतात. ओव्हरलॅपमुळे आपले ५९ तुकडे साधारण ५६ इतकेच मोलाचे, म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम ११२. ९५ टक्क्यांसाठी ११२ डिग्रीजच्या काय-स्क्वेअर या संख्याशास्त्रातल्या वितरणाच्या ०.९७५ आणि ०.०२५ च्या किमती काढा, ११२ ला त्यांनी भागा आणि ॲव्हरेज पॉवरला गुणा. खालची लिमिट ०.७८ पट, वरची १.३२ पट, म्हणजे उणे १.१ आणि अधिक १.२ डेसिबल. तुकडे न करता एकच एफएफटी असती तर हेच उणे ५.७ ते अधिक १६ डेसिबल झालं असतं! मॅटलॅबमध्ये पीवेल्चला कॉन्फिडन्स लेव्हल दिली की लिमिट्स थेट मिळतात, सायपायमध्ये हा हिशोब स्वतः करायचा.

डेसिबल स्केलवर हा पट्टा सगळीकडे सारख्याच रुंदीचा येतो, त्यामुळे कोपऱ्यात एक उभी रेघ काढली तरी चालतं. पण हे सगळं सिग्नलचा स्वभाव पूर्ण ६० सेकंद एकसारखा असेल तरच खरं. आणि ९५ टक्के हे एकेका बिनसाठी आहे, १००१ बिनमध्ये पन्नासेक बिन नुसत्या योगायोगानेही पट्ट्याबाहेर जातात, तेव्हा अनोळखी पीक शोधत असाल तर ९९.९ टक्के किंवा त्याहून कडक लिमिट लावा.