पावसाळ्यातला एक आठवडा, बहिणाबाईंच्या सोबतीने: घरच्या शाळेचं वेळापत्रक

मुलाला घरी शिकवायचं ठरलं की पहिल्या महिन्यात बऱ्याच घरांत एकच गोष्ट घडते. शाळा सुटते आणि स्वयंपाकघरात दुसरी शाळा भरते. भिंतीवर फळा लागतो, पाढ्यांचे तक्ते येतात, आईची मास्तरीण होते. आमच्याकडेही हेच झालं होतं. तिसऱ्या आठवड्यात सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "आई, सुट्टी कधी लागणार?"

त्यानंतर फळा माळ्यावर गेला. आता आम्ही आठवड्याला एकच साहित्यकृती घेतो आणि तिच्याच अंगणात सहा दिवस खेळतो. आधी कान, मग जीभ, लेखणी सगळ्यात शेवटी. या पद्धतीसाठी बहिणाबाई चौधरींसारखी गुरू नाही, कारण त्यांना अक्षरओळखच नव्हती. खाली दिलेला आठवडा सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तो शक्यतो श्रावणाच्या आसपास करा. बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, नागपंचमीचा, पण खरं कारण सुगरण पक्षी. ते बुधवारी कळेल.

आदल्या रविवारची तयारी

बहिणाबाईंच्या गाण्यांचं पुस्तक कुठल्याही वाचनालयात मिळतं. त्यातल्या तीनच कविता निवडा: खोप्याची, मनाची आणि पहिल्या पावसाची. संसाराची कविता मोह पडला तरी आत्ता नको, ती वयाने कळते. एक दुरेघी वही, एक कोरी वही आणि महाराष्ट्राचा नकाशा काढून ठेवा. रात्री मूल झोपल्यावर तिन्ही कविता स्वतः मोठ्याने वाचा, एकदा नाही, तीनदा. आपण अडखळलो तर मूल कवितेला अवघड समजतं. शेजारी कुणी खानदेशातलं असेल तर संकोच न करता त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या.

गणित या आठवड्यात कोंबू नका. ते रोज वीस मिनिटं वेगळं, नेहमीच्या पुस्तकातून चालू द्या. कवितेतल्या पिल्लांची बेरीज करायला लावणं हा कवितेवरही अन्याय आणि बेरजेवरही.

सोमवार: ऐकणं आणि सांगणं

सकाळी खोप्याची कविता एकदाच, सावकाश वाचून दाखवा. मधे थांबून अर्थ सांगू नका. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि म्हणा, "आता तू मला सांग." बस, एवढंच. "कवयित्रीला काय सांगायचं आहे?" हा प्रश्न निदान या घरात बंदच ठेवा.

एकदाच वाचायचं आणि मुलाने आपल्या शब्दांत परत सांगायचं, ही रीत इंग्लंडमधल्या शार्लट मेसन या शिक्षिकेने एकोणिसाव्या शतकात मांडली. लहान मुलांचे पाठ पंधरा-वीस मिनिटांचेच असावेत, हाही तिचाच आग्रह. पण आपल्या आज्या कीर्तन ऐकून घरी आल्या की माजघरात ते आख्खं आख्यान सांगायच्या, ते याहून वेगळं काय होतं?

पहिल्या दिवशी मूल दोन वाक्यांत आटपेल. चालेल. काही सुटलं तर दुरुस्त करू नका. शुक्रवारपर्यंत फरक दिसतो.

मंगळवार: बोलीची हेरगिरी

आज मनाची कविता. पहिल्याच ओळीत 'वढाय' भेटतो आणि मूल अडतं. शब्दार्थ देऊन टाकू नका, कोडं घाला. आपल्याकडे शेतात घुसणाऱ्या गुराला 'ओढाळ' म्हणतात. मग 'ओढाळ'चं 'वढाय' कसं झालं? मुलं हे फार पटकन पकडतात: ळ गेला, य आला. मग 'डोळे'चं काय होईल? डोये. 'काळा'? काया. 'मला, तुला'चं 'माले, तुले' होतं, हेही सापडतं. जळगाव परिसरातली ही लेवा गणबोली. कोऱ्या वहीत दोन रकाने आखून मुलाला तिचा छोटा कोश करू द्या. आमच्या कोशात अकरा शब्द झाले, त्यातला 'उलीशी' म्हणजे एवढीशी हा घरात कायमचा राहिला.

एक सांभाळा. बोलीला 'अशुद्ध' म्हणू नका आणि गंमत म्हणून तिची नक्कलही करू नका. मुलांना आपल्या आवाजातली थट्टा लगेच कळते.

उरलेला वेळ नकाशाला. जळगाव, त्याच्या शेजारचं आसोदे हे बहिणाबाईंचं माहेर, वरून वाहणारी तापी. काळी माती, कपाशी, केळी. दहा मिनिटं पुरे.

बुधवार: बाहेर

आजचा दिवस आठवड्याचा जीव आहे, सकाळच मोकळी ठेवा. गावाबाहेर विहिरीवर किंवा ओढ्याकाठी वाकलेली बाभूळ शोधा. जून ते सप्टेंबर या काळात तिथे सुगरणीचे खोपे टांगलेले दिसण्याची शक्यता बरीच. लांबून, आवाज न करता अर्धा तास बसा. दुर्बीण असली तर उत्तम. झाडावरचा खोपा तोडून आणू नका, खाली पडलेला मिळाला तर न्याहाळा.

पाहताना एक गोष्ट मुलाच्याच लक्षात येऊ द्या. गवताचे लांब धागे आणून विणणाऱ्या पक्ष्याच्या डोक्यावर पिवळाधमक रंग असतो. तो नर. अर्धा विणलेला खोपा शिरस्त्राणासारखा दिसतो, त्या वेळी मादी येऊन पाहून जाते. तिला पसंत पडला तर नर तो पूर्ण करतो, नाहीतर पुन्हा नवा. कवितेत मात्र खोपा बांधते ती आई.

मग बहिणाबाई चुकल्या का? आमच्या घरी यावर जेवणापर्यंत वाद चालला. लेकीचं म्हणणं, "त्यांना ते आईचंच गाणं करायचं होतं." मी गप्प बसले. तुम्हीही बसा.

घरी आल्यावर वाळलेल्या गवताच्या काड्या आणि स्वयंपाकघरातला छोटा चिमटा द्या. चिमटा म्हणजे चोच. एका चोचीने एक तरी गाठ मारून दाखव, एवढंच आव्हान. दहा मिनिटांत चिडचिड होते. त्या चिडचिडीवरच कविता पुन्हा वाचा. चोच आणि माणसाची दहा बोटं यांच्याबद्दल बहिणाबाई काय म्हणतात ते समजावून सांगावं लागत नाही.

गुरुवार: आठ अक्षरं

पाऊस असेल तर पहिल्या पावसाची कविता, नसेल तर आधीचीच चालेल. आज बोटांवर अक्षरं मोजायची. अ-रे-खो-प्या-म-धी-खो-पा: आठ. म-न-व-ढा-य-व-ढा-य: पुन्हा आठ. जोडाक्षर एकच धरायचं. टाळीवर म्हणून पाहिलं की जात्याची लय लागते.

आता मुलाची पाळी: घरातल्या कुठल्याही गोष्टीवर आठ अक्षरांची एक ओळ, जमल्यास दोन. मुलाने फक्त बोलायचं, लिहायचं तुम्ही. बहिणाबाईंची गाणीही अशीच राहिली. काम करता करता त्या म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव यांच्यासारखी घरची माणसं टिपून ठेवायची. १९५१ मध्ये त्या गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. ही हकीकत मुलाला सांगाच. सात वर्षांच्या मुलाचा हात जिभेच्या मागे फरफटत असतो, पण लिहिता येत नाही म्हणून सुचत नाही असं नसतं.

आमच्याकडची पहिली ओळ 'शिट्टी वाजे कुकरची' अशी होती. मोजून पाहा.

शुक्रवार: लेखणी आणि भाकरी

आता लेखणी. मुलाने आवडत्या दोनच ओळी दुरेघी वहीत बघून लिहायच्या, सावकाश, सुंदर. चुकल्यास लाल शाई नाही, मूळ ओळीशेजारी वही धरून चूक त्यालाच शोधू द्या.

दुपारी कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट उडीद, साधारण चारास एक असं दळून आणलेलं पीठ, सोबत भरीत. आमच्या भाकरीला चिरा पडल्या, चवीत फरक नाही.

शनिवार: आजीपुढे

परीक्षा नाही. आजीला, काकाला, शेजारच्या काकूंना बोलवा, नाहीतर फोन लावा. मुलाने पाठ झालेली कविता म्हणायची, खोप्याची हकीकत सांगायची, स्वतःच्या ओळी वाचून दाखवायच्या. सोमवारच्या दोन वाक्यांशी तुलना तुम्ही मनातल्या मनात करा.

प्रमाणपत्राची काळजी असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे तीन स्तर आहेत. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. त्या वाटेची चौकशी एखाद्या निवांत दुपारी करा, या आठवड्यात नको.

आणि मुलाचं ऐकता ऐकता आजीला तिच्या आईची एखादी जात्यावरची ओवी आठवली, तर उरलेलं वेळापत्रक बाजूला ठेवा. पेन मुलाच्या हातात द्या. आता आजी सांगेल आणि ते टिपून घेईल.