मार्केटप्लेसने मोबदल्याचे दर बदलले, तर हिशेब कसा मांडावा

ऑनलाइन मार्केटप्लेसकडून मोबदल्याच्या नव्या दरांचा ई-मेल आला, की बहुतेक जण त्यातील ठळक टक्का पाहतात, तो जुन्या टक्क्याशी ताडतात आणि तेवढ्यावर समाधान किंवा संताप व्यक्त करून मोकळे होतात. प्रत्यक्ष हातात किती पैसे पडणार हे त्या एका टक्क्यावरून क्वचितच कळते. आज अनेक मार्केटप्लेसवर एकाच वस्तूच्या विक्रीला दोन-तीन वेगवेगळे दर लागतात आणि त्यांपैकी कोणता लागणार, हे ग्राहक कोणाच्या वाटेने आला यावर ठरते. फोंड्यात बसून लग्नपत्रिकांचे आराखडे विकणारा असो, पणजीच्या फोंताईन्हासमधील घरांची छायाचित्रे स्टॉक संकेतस्थळांवर, म्हणजे तयार छायाचित्रे वापरासाठी विकणाऱ्या संकेतस्थळांवर ठेवणारा असो किंवा डिचोलीहून अभ्यासक्रम चालवणारी शिक्षिका असो, दर बदलल्याचे कळताच सर्वांनी करायचे पहिले काम एकच आहे: गेल्या बारा महिन्यांची विक्री ग्राहकाच्या वाटेनुसार वेगळी करणे.

जुनी विक्री वेगळी करणे

डॅशबोर्डवरून विक्रीचा तपशीलवार अहवाल उतरवून घ्यावा आणि तो नवे दर लागू होण्यापूर्वीच उतरवावा, कारण दरांबरोबर अहवालाचे रकानेही बदलले, तर जुन्या-नव्याची तुलना करणे कठीण होते. एक्सेलमध्ये तारीख, ग्राहकाने दिलेली रक्कम, ग्राहक आला ती वाट आणि प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम एवढे चार रकाने पुरेसे आहेत. वाटा साधारणपणे चारच असतात: आपली लिंक किंवा कूपन, मार्केटप्लेसवरील शोध, मार्केटप्लेसने पैसे देऊन केलेली जाहिरात किंवा अन्य कुणाची रेफरल लिंक (ग्राहक आणल्याबद्दल ज्यावर कमिशन मिळते ती लिंक), आणि वर्गणीदार सदस्यांनी केलेला वापर.

गोव्यातील विक्रेत्यांनी येथे एक पथ्य पाळावे. आपल्याकडील मागणी पर्यटनाचा हंगाम, चवथ आणि लग्नसराई यांच्या चढउतारावर चालते, त्यामुळे नवे दर जूनमध्ये लागू झाले म्हणून जुलैची तुलना मेशी करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यातली नेहमीची घसरण आणि दरांमुळे झालेली घसरण एकमेकींत मिसळून जातात. तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्याशीच करावी.

वाटेनुसार विभागणी का महत्त्वाची, हे उडेमी या ऑनलाइन अभ्यासक्रम विकणाऱ्या संकेतस्थळाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथे शिक्षकाने स्वतःच्या कूपनवर किंवा लिंकवर केलेल्या विक्रीतील ९७ टक्के वाटा शिक्षकाला मिळतो, तर उडेमीने स्वतः मिळवलेल्या ग्राहकाच्या खरेदीतील केवळ ३७ टक्के. समजा, कर वगैरे वजा जाता प्रत्येक विक्रीमागे ४०० रुपये वाटपासाठी उरतात आणि वर्षभरात १०० विक्री झाल्या, त्यांपैकी ३० आपल्या कूपनवर आणि ७० उडेमीच्या वाटेने. पहिल्या ३० विक्रींतून प्रत्येकी ३८८ रुपयांप्रमाणे ११,६४० रुपये मिळतील आणि उरलेल्या ७० विक्रींतून प्रत्येकी १४८ रुपयांप्रमाणे १०,३६० रुपये. तीस टक्के विक्री निम्म्याहून अधिक उत्पन्न देते, ही गोष्ट एकूण २२,००० रुपयांचा आकडा पाहून कुणाच्याही लक्षात येणार नाही. याच १०० ग्राहकांपैकी आणखी दहा जण आपल्या कूपनवरून आले, तर विक्री एकानेही न वाढता उत्पन्न २४,४०० रुपये होते. त्यामुळे अशा ठिकाणी सर्वसाधारण दर दोन टक्क्यांनी घटल्याची चिंता करण्यापेक्षा आपल्या कूपनाच्या अटी बदलल्या आहेत का, हे आधी तपासणे शहाणपणाचे ठरते.

टक्का कशाचा आणि घट किती

दरातील घट आणि उत्पन्नातील घट या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही होते. हस्तकलेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या एट्सी या मार्केटप्लेसने ११ एप्रिल २०२२ पासून व्यवहार शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेले, तेव्हा शुल्कात तीस टक्के वाढ झाली असे म्हटले गेले. ते खरेच होते. परंतु विक्रेत्याच्या हाती शंभरातले ९५ उरत होते ते ९३.५ झाले, म्हणजे उत्पन्न जेमतेम १.६ टक्क्यांनी घटले. याउलट उडेमीने वर्गणीच्या उत्पन्नातील शिक्षकांचा वाटा २५ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २०, २०२५ मध्ये १७.५ आणि २०२६ मध्ये १५ टक्के असा टप्प्याटप्प्याने खाली आणला. ही घट दहा टक्क्यांची वाटते, परंतु बाकी सर्व तसेच राहिले तर त्या वाटेने मिळणारे उत्पन्न चाळीस टक्क्यांनी कमी होते. म्हणून नेहमी आपल्या हाती उरणाऱ्या रकमेचे गुणोत्तर काढावे: नवा वाटा भागिले जुना वाटा. मार्केटप्लेस शुल्काच्या भाषेत बोलत असेल, तर शुल्क शंभरातून वजा करून मगच भागाकार करावा.

एट्सीच्या बाबतीत खरा फरक पडतो तो अन्यत्र. एट्सीने बाहेरील संकेतस्थळांवर दिलेल्या जाहिरातीवर क्लिक करून ग्राहकाने तीस दिवसांत खरेदी केली, तर विक्रेत्याकडून व्यवहार शुल्काशिवाय आणखी १५ टक्के घेतले जातात. ३६५ दिवसांत १०,००० डॉलरची विक्री गाठणाऱ्या दुकानांना हा दर १२ टक्के असतो, मात्र त्यांना त्या योजनेतून बाहेर पडता येत नाही. लहान दुकानांना बाहेर पडण्याची मुभा सेटिंग्जमध्ये असते आणि ती बहुतेकांनी उघडूनही पाहिलेली नसते. दुसरीकडे, विक्रेत्याने आपल्या विशेष लिंकवरून ग्राहक आणल्यास ऑर्डरच्या रकमेच्या ४ टक्के परत मिळतात. करवंटीचा दिवा विकणाऱ्याने १,००० रुपयांच्या ऑर्डरवर हिशेब केला, तर जाहिरातीच्या वाटेने २१५ रुपये जातात आणि स्वतःच्या लिंकने केवळ २५. पैसे स्वीकारण्याचे शुल्क दोन्हीकडे वेगळे. हे व्यवहार शुल्क वस्तूच्या किमतीबरोबर पाठवणीच्या आकारावरही लागते, त्यामुळे किंमत कमी ठेवून पाठवणीचा आकार वाढवण्याच्या युक्तीने काहीही वाचत नाही.

श्रेणीनुसार मोबदला असेल तेथे आणखी एक तारीख शोधावी: श्रेणी पुन्हा शून्यावर कधी येते. शटरस्टॉक या स्टॉक संकेतस्थळाने १ जून २०२० पासून सहा श्रेणी लागू केल्या. छायाचित्रांना वर्षातील पहिल्या १०० डाउनलोडपर्यंत १५ टक्के आणि पुढे वाढत जाऊन २५,००० च्या वर ४० टक्के अशी ती रचना आहे. छायाचित्रे आणि चित्रफिती यांची मोजणी स्वतंत्र होते आणि दर १ जानेवारीला सर्वांना पुन्हा पहिल्या पायरीवर आणले जाते. त्याआधीची रचना आजवरच्या एकूण कमाईवर आधारलेली होती, म्हणजे अनेक वर्षांच्या कामातून मिळालेली वरची पायरी या बदलाने कायमची गेली. वर्षाला शे-दोनशे डाउनलोड मिळणाऱ्या छायाचित्रकाराने स्वतःचा सरासरी दर ४० टक्क्यांच्या आसपास धरणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. त्याने १५ ते २० टक्केच धरावेत आणि अडोबी स्टॉकवर छायाचित्रांना मिळणाऱ्या ३३ टक्क्यांच्या स्थिर दराशी त्यांची तुलना करावी. अर्थात दर आणि खप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या ठिकाणी काहीच विकले जात नाही तेथील ३३ टक्क्यांचे मोल शून्यच असते.

रेफरल कमिशनचा भाग वेगळा वाचावा

सूचनापत्रात रेफरल कमिशनचा परिच्छेद अनेकदा शेवटी असतो, परंतु तो अधिक बारकाईने वाचावा. प्रथम हे पाहावे, की कमिशन ग्राहक आणल्याबद्दल आहे की नवा निर्माता आणल्याबद्दल. त्यानंतर चार गोष्टी शोधाव्यात: कमिशन पहिल्या खरेदीपुरते आहे की पुढील खरेदींवरही मिळते, क्लिक केल्यानंतर किती काळात खरेदी झाली तर ती आपली धरली जाते, दोन जणांच्या लिंक असतील तर श्रेय कोणाला जाते, आणि ग्राहकाने पैसे परत घेतले तर कमिशन कसे वळते केले जाते. दर तोच ठेवून मुदत तीस दिवसांवरून एका दिवसावर आणली, तर उत्पन्न दर न बदलताही आटते. ॲमेझॉनच्या अॅफिलिएट योजनेत, म्हणजे लिंकवरून ग्राहक पाठवणाऱ्यांना कमिशन देणाऱ्या योजनेत ही मुदत साधारणपणे २४ तासांची असते. याच योजनेच्या अमेरिकेतील दरांत एप्रिल २०२० मध्ये कपात झाली, तेव्हा फर्निचर आणि गृहोपयोगी सामानावरील कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणि किराण्यावरील ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले, आणि त्यासाठी मिळालेली पूर्वसूचना सुमारे आठवडाभराचीच होती. एवढ्या थोड्या अवधीत तयारी करता येत नाही. म्हणूनच कोणत्याही एका योजनेच्या कमिशनवर घरखर्च किंवा कर्जाचा हप्ता बांधून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विक्रेता म्हणून ॲमेझॉनच्या स्टेटमेंटमध्ये दिसणारी ‘रेफरल फी’ ही आपल्याकडून कापलेली रक्कम असते, मिळालेली नव्हे; विक्रेता आणि अॅफिलिएट अशी दोन्ही खाती एकाच माणसाची असतात तेव्हा ही नोंद हमखास चुकीच्या बाजूला जाते.

आपल्या लिंक कोठे कोठे पडल्या आहेत याची यादी करावी. जुन्या व्हिडिओंची वर्णने, फेसबुकवरील पोस्ट, गावातल्या व्हॉट्सॲप गटांवर चवथीच्या सुमारास पाठवलेले संदेश, छापील कार्डांवरील क्यूआर कोड, या सर्व ठिकाणच्या लिंक नव्या योजनेत चालू राहणार आहेत की नव्याने तयार कराव्या लागणार आहेत, हे सूचनापत्रात असतेच असे नाही. नसल्यास लेखी विचारावे. स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करून ती चालते का हे पाहण्याचा मोह टाळावा, कारण अशा खरेदीला बहुतेक योजनांत मनाई असते आणि त्यासाठी खाते बंद होऊ शकते. पान उघडून पत्त्यात आपला कोड टिकतो का, एवढे पाहणे पुरे. कमिशन मिळणाऱ्या लिंकसोबत तसा स्पष्ट उल्लेख करणेही आवश्यक आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत आणि दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी १० लाख रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे.

कर आणि कपाती यांचा गोंधळ

पेआउट, म्हणजे मार्केटप्लेसकडून खात्यात जमा होणारी रक्कम, कमी आला म्हणजे दरच कमी झाला, असे गृहीत धरू नये. भारतीय मार्केटप्लेस आपल्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लावतात, म्हणजे १०० रुपये कमिशन असेल तेथे प्रत्यक्षात ११८ कापले जातात. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला वरच्या १८ रुपयांचे क्रेडिट, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून वजावट मिळते. नोंदणी नसलेल्याला मिळत नाही, त्यामुळे कमिशन वाढल्याचा फटका त्याला अधिक बसतो. ई-कॉमर्स विक्रीवरील टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्का झाला, आणि पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची वर्षाची विक्री ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तो कापला जात नाही. रेफरल कमिशनवरील टीडीएस याच तारखेपासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला आणि तो कापला न जाण्याची वार्षिक मर्यादा एप्रिल २०२५ पासून २०,००० रुपये आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा जुन्या क्रमांकाने शोधत बसू नये. विक्री आणि रेफरल कमिशन यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवल्या, तर सीएकडे जाताना अर्धे काम झालेले असते.

परदेशी कंपनीकडून रॉयल्टी मिळत असेल, तर डब्ल्यू-८बेन या फॉर्मची (आपण अमेरिकेबाहेरचे करदाते असल्याचे कळवणाऱ्या अमेरिकी करफॉर्मची) मुदत तपासावी. तो साधारणपणे सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो. तो नसल्यास अमेरिकेतील विक्रीवरील रॉयल्टीतून ३० टक्के कर कापला जातो, तर भारत-अमेरिका करारानुसार स्वामित्वहक्काच्या रॉयल्टीवर हा दर १५ टक्के आहे.

वस्तू विकणाऱ्या गोमंतकीयांसाठी जीएसटीची एक अट विशेष जाचक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीसाठीच्या उलाढालीच्या मर्यादेखालील विक्रेत्यांना नोंदणीशिवाय मार्केटप्लेसवर वस्तू विकण्याची मुभा मिळाली, परंतु ती राज्यातल्या राज्यातच. मोठ्या राज्यातील विक्रेत्याला एवढी बाजारपेठ पुरते; पेडण्यातल्या विक्रेत्याला मात्र हाकेच्या अंतरावरच्या, पण महाराष्ट्रात असलेल्या बांद्याचा ग्राहकही चालत नाही. आराखडे, अभ्यासक्रम यांसारख्या सेवांना हे बंधन नाही. तेथे वार्षिक २० लाख रुपयांपर्यंत नोंदणीशिवाय राज्याबाहेरही विक्री करता येते.

पहिला पेआउट तपासणे

सूचनापत्रात दिलेली तारीख ऑर्डरची आहे की पेआउटची, हे नक्की करून घ्यावे. उडेमीवर ग्राहकाला तीस दिवसांत पैसे परत मागता येतात, त्यामुळे पैसे मिळतात त्या महिन्यात जुन्या महिन्यांच्या विक्रीचा हिशेब झालेला असतो, आणि नवा दर खात्यात दिसायला वेळ लागतो. बदलानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्यातील प्रत्येक वाटेच्या काही ऑर्डर निवडून स्वतः गुणाकार करावा आणि फरक आढळल्यास सपोर्टला लिहावे. तक्रारीत ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची तारीख, आपल्या हिशेबाने येणारी रक्कम, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम आणि सूचनापत्रातील संबंधित वाक्य एवढेच द्यावे. मूळ ई-मेल आणि त्या दिवशीच्या अटींच्या पानाची पीडीएफ प्रत जोडावी, कारण ते पान नंतर बदललेले असू शकते.